दाजींची जोड

खडकवस्ती, ता. सिन्नर
१ फेब्रुवारी १९९८

ती. दाजी यांस,
जीवनचा साष्टांग नमस्कार.

लग्नाआधी मी "दिप्या, कुठं मेलास?" अशी सुरुवात करायचो. आता तुम्ही आमच्या मंजूचे यजमान झालात, तेव्हा साष्टांग घालणं आलं. मनातल्या मनात मात्र तेच जुनं वाचा.

बातमी मोठी आहे. गेल्या साली हनुमान जयंतीला कबड्डी राहिली बाजूला आणि दोन भावक्यांनी एकमेकांची डोकी फोडली, ते तुम्ही पाहिलंच. औंदा आमच्या आबांनी पारावर बैठक घेतली आणि सांगितलं, "भावकीचा संघ बंद. खेळायचं आसंल तर मिसळून खेळा, नायतर मैदानात मेथी लावतो." मग मी उठलो. म्हटलं, आपण लीग करू. गाव आणि आसपासच्या वाड्या मिळून चार संघ, प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ. प्रश्न आला गडी वाटायचे कसे. कुणीतरी म्हणालं, लिलाव करा. आबा उसळले, "पोरं काय बैलं हायेत का?"

तेव्हा मला आपलं लहानपण आठवलं. भिडू! सारख्या ताकदीचे दोघे गळ्यात गळा घालून देवळामागं जाणार, चोरून नावं ठेवणार, एक गूळ, एक खोबरं. मग पारावर येऊन कप्तानाला विचारणार, "गूळ घेता का खोबरं?" कप्तान जे म्हणेल तो गडी त्याचा, उरलेला दुसऱ्या कप्तानाचा. पाळीपाळीनं दोन-दोन कप्तान पुढं येतील. कुणाला डावं-उजवं झालं असं म्हणायला जागाच नाही. आबांना इतकं पटलं की त्यांनी जोड्या लावायचं काम माझ्याच गळ्यात घातलं.

एक नियम मी भांडून करून घेतला. ज्याची जोड नाही तो गडी उतरणार नाही. नाहीतर कुणी कप्तान नाशिकहून एखादा रेडा आणून उभा करायचा. आणि जोड म्हणवून घेणाऱ्यानं पारावर सगळ्यांसमोर आपणहून उभं राहायचं.

पहिली जोडी अर्थात तुमची आणि माझी. आपण कधी एका संघात नव्हतोच, दोघं सारखे ना! तुमची चढाई आणि माझी घोट्याची पकड. मेहुणा दाजीला धुळीत लोळवतो की दाजी मेहुण्याला, हे बघायला पंचक्रोशी लोटणार. वाटणी १५ मार्चला, रविवारी. चार कप्तानांत तुमच्या कंपनीतले सावळीरामभाऊ पण आहेत. रजेची काळजी नको, तुमचा फोरमनच तुमच्यासोबत येतोय.

मंजूला आशीर्वाद. नवसाबाई, म्हणजे आमची मातोश्री, विचारते की दिवाळीलाही जावई का आले नाहीत. पुरणपोळीचा राग आला का?

आपला,
जीवन


सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय जीवन,

तुझं पत्र मिळालं. लीगची कल्पना झकास आहे. कंपनीत सावळीरामभाऊंनी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवावी तशी सांगितली. पुरणपोळीचा राग नाही, आईंना सांग. ओव्हरटाइम चालू आहे म्हणून येणं झालं नाही.

एक विनंती आहे. मला तुझ्या जोडीला लावू नकोस. धोंडीरामबरोबर लाव. आणि जमलं तर मी तुझ्याच संघात येईन असं बघ. नाव आधीच कप्तानाच्या कानात सांगता येतं, लहानपणी आपण ते कितीदा केलंय. मी कोपऱ्यात उभा राहीन, चढाईला बाकीच्यांना पाठव.

कारण विशेष काही नाही. दरवेळी तेच ते काय, असं वाटलं. राग मानू नकोस.

फोनवर हे बोलता आलं नसतं. तुमच्याकडचा फोन सावळीरामभाऊंच्या पुतण्याच्या पीसीओवर, आणि तिथं आपण 'हॅलो' म्हणायच्या आत गावाला सगळं कळतं. म्हणून पत्र.

तुझा,
दीपक


खडकवस्ती
१४ फेब्रुवारी १९९८

श्री. दीपकराव यांस,
स. न. वि. वि.

पत्र पावलं. तीनदा वाचलं.

धोंडीराम! पकडीत तो बरा आहे, पण चढाईला गेला की मध्यरेषेवरच त्याचा दम संपतो. त्याची आणि तुमची जोड म्हणे! एकतर तुम्ही खाली उतरलात, नाहीतर मी तुमच्या लायकीचा राहिलो नाही. तुम्ही खाली उतरलात असं काही मला वाटत नाही. सातपूरला कंपनीच्या संघाकडून खेळता, गुळगुळीत मैदान, बूट घातलेले पंच. टोमॅटोच्या वाफ्यात वाकणारा जीवन आता कशाला तुमच्या जोडीला शोभेल? हे तोंडावर सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं.

आणि कप्तानाच्या कानात नाव सांगायचं? लहानपणी केलं ते चिंचेसाठी केलं. आता हीच लबाडी मोडायला मी सगळ्या वाड्या पालथ्या घालतोय आणि माझ्याच घरचा जावई मला कानात सांग म्हणतो.

उशीर झालाय. हँडबिलं सिन्नरहून छापून आलीत. वरच मोठ्या अक्षरात आहे, 'पहिली जोडी : मेहुणा विरुद्ध दाजी'. घोटीपर्यंत गेलीत. यायचं नसेल तर तसं सावळीरामभाऊंना सांगा, मला सांगू नका.

जीवन


सातपूर
२० फेब्रुवारी १९९८

जीवन,

ठीक आहे. येतो. रजा मंजूर झाली आहे. हँडबिल सावळीरामभाऊंनी माझ्या मशीनवरच चिकटवलंय.

दीपक


सातपूर
२२ फेब्रुवारी १९९८

ती. दादास,
मंजूचा शि. सा. न.

हे पहिल्या पाळीला गेलेत तेवढ्यात लिहितेय. यांना माहीत नाही आणि कधी कळूही नये, तुला माझ्या गळ्याची शपथ आहे.

तुझं १४ तारखेचं पत्र मी वाचलं. यांच्या खिशात होतं, शर्ट धुवायला घेतला तेव्हा सापडलं. दादा, तू काय लिहून बसलास! तू यांच्या लायकीचा नाहीस असं हे कधी म्हणतील का? शेजाऱ्यापाजाऱ्यांना तुझ्या पकडीचं कौतुक सांगून सांगून यांनी वीट आणलाय.

यांचा उजवा गुडघा गेलाय. दिवाळीच्या आधी चालत्या बसमधून उतरताना पाय मुरगळला आणि आतली दोरी तुटली म्हणाले डॉक्टर. वर्षभर पळायचं नाही, मांडी घालायची नाही, पुन्हा एक झटका बसला तर पाय जन्माचा कामातून गेला. मशीनवर उभं राहतात, सरळ चालतात, कंपनीचे सामनेही मे महिन्यातच असतात, त्यामुळे कुणाला कळत नाही. कंपनीत ताप आला म्हणून सांगितलं. घरी पायरी उतरताना भिंत धरतात. दिवाळीला म्हणूनच आलो नाही. पाटावर बसले असते तर आईच्या लगेच लक्षात आलं असतं.

पाडव्यानंतर पर्मनंट करायची यादी लागणार आहे. कंपनीचे डॉक्टर नुसती छाती बघतात म्हणे, खरं वजन सावळीरामभाऊंच्या शब्दाला. त्यांनी यांना कामाला लावलं तेच "आमच्या गावचा वाघ आहे" म्हणून. याच्या पायात आता जोर नाही, हे त्यांना कळलं तर संपलं. तीन वर्षं आम्ही त्या यादीची वाट बघतोय, दादा. यावेळी नाव नाही आलं तर हे पुन्हा कुठं उभे राहणार, तेही अशा पायावर?

खेळत नाही म्हणावं तर भाऊ विचारणार, का नाही? आजारी म्हणावं तर स्वतः रिक्षात घालून दवाखान्यात नेतील. त्यांचा जीवच तसा आहे. म्हणून यांनी तुला तसं लिहिलं, की तुझ्या संघात कोपऱ्यात उभं राहता येईल, निदान तुझी पकड तरी पायावर पडणार नाही. आता तर तूच समोर. लहानपणी तू माझा घोटा धरलास की मी रडायची, ते विसरलास का?

रात्री झोपेत गुडघ्यावर हात ठेवून असतात. तुला मी ओळखते, तू रागानं जोरात धरशील. मला तेवढीच भीती आहे.

उत्तर घरी पाठवू नकोस. समोरच्या खोलीतल्या चंद्रभागाबाईंच्या नावानं पाठव.

तुझी,
मंजू


खडकवस्ती
२७ फेब्रुवारी १९९८

चि. सौ. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मळ्यात बसून वाचलं. कोथिंबिरीच्या जुड्या बांधायच्या तशाच राहिल्या. दाजींना मी काय काय लिहिलं ते आठवून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. माणूस गुडघा धरून बसलाय आणि मी त्याला लायकी विचारतोय.

पण नुसतं वाईट वाटून भागत नाही. चहूकडून विचार केला. मी हलक्या हातानं धरलं तर सावळीरामभाऊ तिथंच बसलेले असणार. त्यांनी माझी पकड वीस वर्षं पाहिलीय, त्यांना लगेच कळेल. आणि मी सोडला तरी बाकीचे सोडणार आहेत का? धोंडीरामच्या मिठीत म्हैस सापडली तरी सुटत नाही. जोडी बदलावी तर हँडबिल सगळीकडं लागलंय. लीगच मोडावी म्हटलं, तर भावक्या पुन्हा काठ्या काढायला टपलेल्याच आहेत, आणि आबांनी मला सगळ्यांसमोर शब्द द्यायला लावलाय. मला शेताची कुंपणं चांगली घालता येतात, हे तुला माहीत आहे. हे पण चांगलंच घातलं. फक्त आत मीच राहिलो.

परवा आबा म्हणाले, "जीवन, पुढच्या साली तुझं वय व्हईल. औंदा असा खेळ की लोकांनी नाव काढावं." मी हो म्हटलं. मंजू, मला पण खेळायचं आहे गं. हिवाळाभर पहाटे उठून मैदान मीच खणलंय, खडे मीच वेचलेत.

दाजींना काही कळू देणार नाही. मला अजून काही सुचलेलं नाही. तू देवाला हात जोड, मी डोकं लावतो.

तुझा दादा,
जीवन


सातपूर
१९ मार्च १९९८

जीवन,

रविवारपासून मी एकच गोष्ट डोक्यात घोळवतोय. शेवटी कागद घेतला.

मी काय पाहिलं ते आधी लिहितो, कुठं चुकत असेन तर सांग. पार माणसांनी भरलेला. आबा मध्ये, चार कप्तान खाली सतरंजीवर. तू हँडबिल वाचलंस, लोकांनी शिट्ट्या मारल्या. आपण दोघं गळ्यात गळा घालून देवळामागं गेलो. मी म्हटलं, "मी खोबरं." नाव ठेव की लेका म्हटलं, तर म्हणालास, "चला, उशीर होतोय." देवळाची पायरी उतरताना तू माझा हात धरलास, वर न बघता. तेव्हा मला वाटलं गर्दीमुळे असेल.

पारावर आलो आणि तू म्हणालास, "मी माझं नाव काढून घेतो."

कुणाला आधी कळलंच नाही. सावळीरामभाऊ म्हणाले, "काढून घेतो म्हंजे? पाय-बिय दुखतोय का काय तुझा?" तू म्हणालास, "पाय चांगला हाय. माझं मनच घेत नाय. दाजींच्या समोर मी टिकायचा नाय." मग हसण्याचा असा काही गलका झाला की मला पुढचं ऐकूच आलं नाही. कुणीतरी ओरडलं, "बांगड्या आणा रे!" आणि कासारवाड्यातल्या एका पोरानं खरंच कागदात बांधून आणल्या, तुझ्या पायाशी ठेवल्या. तू त्या उचलून नीट बाजूला ठेवल्यास, कुणाच्या पायात फुटू नयेत म्हणून.

भाऊ म्हणाले, "मग दीपकला दुसरी जोड द्या." तू नियम वाचलास. जोड म्हणवून घेणाऱ्यानं आपणहून उभं राहायचं. धोंडीराम अर्धा उठला होता. तू त्याला म्हणालास, "ये की. पण हारलास तर गावच्या जावयानं चारीमुंड्या चीत केला म्हणून वरीसभर हासत्यात लोकं. मी तर पळालोच, तू बघ." तो बसला. मग कोण उठतंय! आबांनी निकाल दिला, जोड नाही, गडी उतरणार नाही. मला फेटा बांधला, नारळ दिला, कप्तानांच्या बरोबरीनं खुर्ची दिली. भाऊ येताना एसटीत सगळ्यांना सांगत होते, पंचक्रोशीत याला जोड मिळाली नाही.

मी खुश व्हायला पाहिजे ना? त्या रात्री तुमच्याकडं जेवताना आबा माझ्या शेजारी बसले, वाढायचा आग्रह केला, आणि तुझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. आईंनी तुझं ताट आत नेऊन ठेवलं. मला खुर्चीवर बसवून टेबलावर वाढलं. तुमच्याकडं टेबल कधी आलं रे? मंजू म्हणाली, दादानं सकाळीच शाळेतून आणून ठेवलं.

तुझ्याएवढा निर्भय गडी मी पाहिला नाही. तू घाबरणार नाहीस. म्हणून सरळ विचारतो. तुला मंजूनं काही लिहिलं होतं का? किंवा आणखी कुणी काही सांगितलं होतं का? मी तिला विचारलं, ती नाही म्हणते, पण पोळ्या लाटता लाटता नाही म्हणाली, माझ्याकडं न बघता.

माझी कीव करून तू बाहेर बसला असशील, तर मला ते चालणार नाही. मग मला सावळीरामभाऊंना एक गोष्ट सांगावी लागेल, पुढं कंपनीत माझं जे व्हायचं ते होवो. तुझ्या तोंडाला काळं फासून मी पर्मनंट होणार नाही. देवाशपथ खरं लिही. तुझं पत्र येईपर्यंत थांबतो, मग भाऊंकडे जातो.

दीपक


खडकवस्ती, ता. सिन्नर
२३ मार्च १९९८

ती. दाजी यांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र आज दुपारी मिळालं. लगेच लिहायला बसलोय, संध्याकाळच्या गाडीनं टपाल जायला पाहिजे.

तुम्ही सावळीरामभाऊंना कोणती गोष्ट सांगायची म्हणता ते मला कळलं नाही. तुमच्या कंपनीतलं काही असेल. मी विचारत नाही, आणि माझ्यामुळं तुम्ही ती सांगायचीही गरज नाही. मंजूनं मला संक्रांतीपासून एक ओळ लिहिलेली नाही. त्याबद्दल मी तिच्यावर रागावलोच आहे, तसं तिला सांगा.

देवाशपथ खरं लिही म्हणता. लिहितो.

घाबरलो, दाजी. तुम्हाला माझं कौतुक आहे म्हणून पटत नाही, पण माणूस तिशी ओलांडतो तसं त्याला कळायला लागतं. तुमचं पत्र आलं, धोंडीरामबरोबर जोड लावा म्हणून, तेव्हा मला जो राग आला तो कशामुळं? आतून मला ठाऊक होतं की मी आता तुमच्या जोडीचा राहिलो नाही. खरं असेल ते झोंबतंच. म्हणून तसलं वेडंवाकडं पत्र लिहिलं, हँडबिलं लावली, छाती पुढं काढून फिरलो. मग वाटणीचा दिवस जवळ यायला लागला तशी झोप उडाली. स्वप्नात तुम्ही चढाईला यायचे आणि माझे हात उठायचेच नाहीत. दोन-तीनदा ओरडून उठलो, आईला विचारा.

देवळामागं गेलो तेव्हा माझे पाय कापत होते. पायरीवर तुमचा हात धरला तो त्यासाठी, माझाच तोल जात होता. नाव ठेवायला तोंड उघडलं तर शब्द फुटेना. पारावर एवढी माणसं, समोर आबा. माती खाण्यापेक्षा आधीच पळालेलं बरं, असं वाटून गेलं आणि बोलून बसलो. टेबलाचं म्हणाल तर तुम्ही पँटवाले झालात, म्हणून आणलं. पाटावर बसून पँटची इस्त्री मोडते ना.

आबांचा राग उतरेल. नाही उतरला तरी ते आमचं बाप-लेकाचं आहे, त्यात तुम्ही पडू नका. सध्या ते मला मळ्यातलं काम आईच्या हाती सांगतात. पोरं रस्त्यात बांगड्या वाजवतात, त्यांना म्हटलं, वाजवा, पण सरावाला वेळेवर या. चारही संघ मिसळून गेलेत. ज्या भावकीनं गेल्या साली डोकं फोडलं त्या भावकीचा गडी आता फुटलेल्या डोक्याला पाणी पाजतोय. मी चुना टाकतो, दोरी लावतो, गुण लिहितो. हनुमान जयंतीला मैदानात पहिलं पाऊल माझंच पडेल, पहाटे पाणी मारायला.

भाऊंकडे जाऊ नका. तुम्ही जाऊन उलटसुलट काही बोललात, तर लोक म्हणतील, दाजीनं मेहुण्याला सावरायला गोष्ट रचली. म्हणजे मी भित्रा तर भित्रा, वर दाजीच्या आडोशाला लपलेला. तेवढं मला सोसायचं नाही. यादीत नाव लागलं की पेढे घेऊन या. आबांना आधी द्या.

कंपनीत कुणी विचारलं तर सरळ सांगा, मेहुणा घाबरला. इथं मी सगळ्यांना तेच सांगतो. परवा सिन्नरच्या बाजारात एका अनोळखी माणसानं हँडबिलाचं विचारलं, तर त्यालाही सांगितलं. पहिल्यांदा जीभ अडखळली, आता नाही अडखळत.

तुमचा,
जीवन